फिजिओथेरपीची परदेशी पदवी : प्रवेशापूर्वींची पारख



मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपल्या घरांतून जेवढी चौकशी होते, तिच्या चौथ्या हिश्श्यानेंही चौकशी तिच्या कॉलेजाची होत नाहीं. मुलाचें घराणें, शिक्षण, मिळकत, स्वभाव आणि जमल्यास शेजाऱ्यांचें मत, इतकें कळल्यावांचून आपण होकार देत नाहीं. परंतु हजारों मैलांवरच्या एखाद्या विद्यापीठाच्या हातीं मुलीचीं तीन वर्षें आणि घर तारण ठेवून काढलेलें कर्ज द्यावयाचें असतें, तेव्हां चार रंगीत चित्रें आणि एखाद्या नातलगाची शिफारस एवढ्यावर आपलें काम भागतें. आजचें माझें भाषण या दुसऱ्या सोयरिकीविषयीं आहे.

आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या मुलामुलींची संख्या आतां पुष्कळ आहे, आणि त्यांपैकीं बऱ्याच जणांची दृष्टि पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेकडे लागलेली असते. जावें कीं जाऊं नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. जावयाचें ठरल्यास संस्था कशी पारखावी, एवढेंच मी सांगणार आहें. मी वैद्य नव्हे. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य शाळेंत मुलांना गणित शिकविण्यांत गेलें. परंतु संस्था आपले निकाल कसे मांडतात, त्यांतून काय दाखवितात आणि काय झाकतात, हें पाहण्याची संवय त्या व्यवसायानें मला लावली. माझे कांहीं जुने विद्यार्थी, जे आज स्वतः पालक आहेत, आपल्या मुलींचे असे कागद घेऊन माझ्याकडे आले. ते वाचतां वाचतां जें ध्यानांत आलें, तें आपणांपुढें ठेवतों.

आधीं थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेंत हा व्यवसाय पहिल्या महायुद्धाच्या पोटीं जन्मास आला. जखमी सैनिकांस पुन्हां हिंडते-फिरते करण्यासाठीं १९१८ च्या सुमारास तरुण स्त्रियांस खास शिक्षण देण्यांत आलें. १९२१ सालीं त्यांनीं आपली संघटना स्थापन केली आणि मेरी मॅकमिलन या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढें पोलिओच्या सांथींनीं या विद्येची गरज घरोघर पटविली. मुंबईंत के. ई. एम. रुग्णालयांत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हें शिक्षण सुरू झालें, तेंही पोलिओच्याच निमित्तानें आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें. अमेरिकेंत प्रथम प्रमाणपत्र, मग पदवी, मग पदव्युत्तर पदवी अशा पायऱ्या चढत १९९३ सालीं नेब्रास्का राज्यांतील क्रेटन विद्यापीठानें ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’, म्हणजे डी. पी. टी., हा अभ्यासक्रम व्यवसायांत नव्यानें शिरणाऱ्यांसाठीं सुरू केला. २०१६ पासून तर तेथील विद्यार्थ्यास व्यवसायांत शिरण्यासाठीं हीच एक पदवी घ्यावी लागते.

आतां पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ही पदवी कोणतें दार उघडते? रोग्यास हात लावण्याचा अधिकार तेथें नुसत्या पदवीनें मिळत नाहीं. तो परवान्यानें मिळतो. परवाना ज्या त्या राज्याचें मंडळ देतें, आणि त्यासाठीं एक राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०० पासून ८०० पर्यंतच्या मोजपट्टीवर ६०० ही तिची उत्तीर्णतेची रेघ आहे. त्या परीक्षेस कोणास बसूं द्यावयाचें, येथें खरी मेख आहे.

डी. पी. टी. या एकाच नांवाखालीं दोन निराळे अभ्यासक्रम चालतात. पहिला व्यवसायांत नव्यानें शिरणाऱ्यांचा. तो साधारणपणें तीन वर्षांचा व पूर्ण वेळाचा असतो. दुसरा, जे आधींच फिजिकल थेरपिस्ट आहेत त्यांच्या ज्ञानांत भर घालणारा. तो लहान असतो, पुष्कळदां घरबसल्या संगणकावरून होतो आणि खर्चही त्याला कमी येतो. तेथें या शिक्षणास मान्यता देणारें एक मंडळ आहे. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘कॅप्टी’ म्हणतात. हें मंडळ मान्यता देतें ती फक्त पहिल्या प्रकारच्या अभ्यासक्रमास. दुसऱ्यास ती नसते, आणि ती नसणें हा त्याचा दोषही नव्हे; तो त्या कामासाठीं योजलेलाच नाहीं. दोष होतो तो आपल्या समजुतींत. कागदावर ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ हीं अक्षरें पाहिलीं कीं आपण समजतों, दार उघडलें. दोन वर्षांनंतर कळतें कीं दार निराळेंच होतें.

भारतीय पदवीधरास आणखी एक वाट मोकळी असते. आपल्या येथील पदवीची तेथील अभ्यासक्रमाशीं तुलना करून घ्यावयाची, आणि त्या आधारें परीक्षेस बसण्याची परवानगी मागावयाची. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांमध्यें एफ. सी. सी. पी. टी. ही प्रमुख आहे. तपासणींत कांहीं विषय उणे पडले, तर ते भरून काढावे लागतात, आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासक्रमाचा कांहीं उपयोग तेथें होऊं शकतो. परंतु उणें काय आणि किती, हें तपासणी झाल्यावांचून कळत नाहीं. म्हणून या वाटेनें जाणाऱ्यानें आधीं तपासणी करावी आणि मग अभ्यासक्रम निवडावा. पुष्कळ घरांतून हा क्रम उलटा झालेला मीं पाहिला आहे.

तेव्हां मुलीनें पहिलें पत्र लिहावें तें असें : ‘माझ्याजवळ भारतांतील अमुक पदवी आहे. आपली पदवी घेतल्यावर अमुक राज्यांत परवान्याच्या परीक्षेस मला कोणत्या नियमानें बसतां येईल?’ हें पत्र विद्यापीठास लिहावें, आणि त्या राज्याच्या मंडळासही लिहावें. उत्तर तोंडी घेऊं नये. लेखी घेऊन फायलींत लावावें.

दुसरा प्रश्न मान्यतेच्या स्थितीचा. मान्यता असते ती अभ्यासक्रमाला. विद्यापीठ कितीही जुनें आणि नांवाजलेलें असलें, तरी त्यांतील हा अभ्यासक्रम कालचा असूं शकतो. नव्या अभ्यासक्रमास आरंभीं उमेदवारीचा दर्जा मिळतो. उमेदवारी म्हणजे मान्यतेच्या मार्गावर असणें. मान्यतेची हमी नव्हे. पहिली तुकडी शिकून बाहेर पडावयाच्या सुमारास अखेरचा निर्णय होतो, आणि तो प्रतिकूल झाला तर त्या तुकडीच्या परवान्याचा मार्गच अडतो. दुसऱ्या टोकाला, मान्यता आहे पण उणिवा दूर करण्याची ताकीद मिळालेली आहे, असेही अभ्यासक्रम असतात. ही स्थिति ‘कॅप्टी’ स्वतः प्रसिद्ध करतें. ती तेथूनच पाहावी, संस्थेच्या जाहिरातींतून पाहूं नये. नव्या संस्थेंत जाऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. पण कर्ज काढून जाणाऱ्यानें हा धोका समजून-उमजून पत्करावा.

आतां मी माझ्या माहितीच्या प्रांतांत येतों, म्हणजे निकालाच्या आंकड्यांकडे. मान्य अभ्यासक्रमांस आपले तीन आंकडे लोकांपुढें मांडावे लागतात : प्रवेश घेतलेल्यांपैकीं किती जणांनीं शिक्षण पुरें केलें, पुरें करणाऱ्यांपैकीं किती जण परवान्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले, आणि किती जणांस काम मिळालें. दोन वर्षांच्या सरासरीनें पहिला आंकडा शेंकडा ८०, दुसरा ८५ आणि तिसरा ९० यांखालीं जाऊं नये, अशी मंडळाची अपेक्षा असते. हे आंकडे सुटे सुटे वाचले तर फसगत होते. ते एकत्र वाचावे लागतात.

आपल्याकडच्या शाळांतील एक रीत आपणांस ठाऊक असेल. कांहीं शाळांचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षें शेंकडा शंभर लागतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रें झळकतात. त्यांपैकीं सर्वच नव्हेत, पण कांहीं शाळा नववींतच कच्चीं मुलें रोखून धरतात, किंवा पालकांस बोलावून ‘याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असा सल्ला देतात. बाहेरून बसलेला मुलगा नापास झाला तर तो शाळेच्या हिशेबांत येत नाहीं. शंभराचा आंकडा खोटा नसतो. मात्र तो कोणाला वगळून काढला आहे, हें फलकावर लिहिलेलें नसतें.

तेंच येथें लागू करूं. समजा, दोन संस्था आहेत आणि दोहींत पन्नास-पन्नास विद्यार्थी प्रवेश घेतात. पहिलींत एक्केचाळीस जण शिक्षण पुरें करतात आणि ते सर्व परीक्षा उत्तीर्ण होतात. तिची जाहिरात म्हणेल, निकाल शेंकडा १००. दुसरींत एकोणपन्नास जण शिक्षण पुरें करतात आणि त्यांतले शेहेचाळीस उत्तीर्ण होतात. तिचा निकाल सुमारें शेंकडा ९४. जाहिरात वाचणारा पहिलीकडे धांवेल. पण दारांतून आंत गेलेल्या पन्नासांपैकीं परवान्यापर्यंत पोंचले किती? पहिलींत एक्केचाळीस, दुसरींत शेहेचाळीस. पहिलींतल्या ज्या नऊ जणांचें शिक्षण मध्येंच तुटलें, त्यांचें कर्ज मात्र तुटलेलें नसतें. आपली मुलगी त्या नवांत असणार नाहीं, असें प्रत्येक बापाला वाटतें. त्या नवांच्या बापांनाही तसेंच वाटलें होतें. म्हणून संस्थेस विचारावें कीं मागें पडलेल्या विद्यार्थ्यासाठीं आपण काय करतां? त्याला पुन्हां परीक्षा देतां येते काय? एक विषय राहिला तर सबंध वर्ष जातें काय? हुशार विद्यार्थी कोठेंही वर येतो; संस्थेची परीक्षा कच्च्या विद्यार्थ्यावर होते.

उत्तीर्णतेच्या आंकड्यांतही दोन प्रकार आहेत. पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झालेल्यांचें प्रमाण एक, आणि पुन्हां पुन्हां बसून अखेरीस उत्तीर्ण झालेल्यांचें दुसरें. मंडळाची शेंकडा ८५ ची अट या दुसऱ्याविषयीं आहे. आपण पहिलें विचारावें. ती परीक्षा वर्षांतून चार वेळां होते. बारा महिन्यांत तीनदां आणि सबंध आयुष्यांत सहा वेळांच बसतां येतें. तेथील मुलगी एकदां नापास झाली तर तिचे तीन महिने जातात. आपल्या मुलीचें तसें नाहीं. शिक्षणानंतर काम करण्याची जी मुभा परदेशी विद्यार्थ्यास मिळते, ती सामान्यतः बारा महिन्यांची असते, आणि परवान्यावांचून गेलेला प्रत्येक महिना त्या बारांतून वजा होतो. याच कारणासाठीं काम मिळालेल्यांचा आंकडा पाहतांना, ‘आपल्याकडील परदेशी विद्यार्थ्यांचें पुढें काय झालें?’ हें वेगळें विचारावें. सर्वांचा मिळून काढलेला आंकडा आपल्या उपयोगाचा नाहीं. तुकडी लहान असेल तर आणखी जपावें. वीस जणांच्या वर्गांत एक नापास झाला कीं निकाल पांच टक्क्यांनीं खालीं येतो, तेव्हां एका वर्षाच्या निकालावरून भलें-बुरें ठरवूं नये.

तिसरा प्रश्न हाताच्या शिक्षणाचा. ही विद्या पुस्तकांत राहत नाहीं. अर्धांगवायूनें एक बाजू लुळी पडलेल्या माणसास खाटेवरून खुर्चीवर बसवावयाचें, तर त्याचा तोल कोणत्या क्षणीं जाईल, आपला गुडघा कोठें टेकवावा, त्याच्या भीतीला कोणत्या शब्दांनीं धीर द्यावा, हें हातानें अनेक शरीरें हाताळल्यावांचून येत नाहीं. म्हणून ‘कॅप्टी’च्या नियमांनीं किमान तीस आठवडे पूर्ण वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेचें शिक्षण बंधनकारक केलें आहे. तीस आठवडे सर्वत्र सारखे असतात; त्यांतील अनुभव सारखा नसतो. एका विद्यार्थिनीला मोठ्या रुग्णालयांतील नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रोगी, वृद्ध, बालकें, मेंदूच्या विकाराचे रोगी असे सर्व प्रकार मिळतात. दुसरीचे सगळे आठवडे पाठीच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यांतच जातात.

यासाठीं विचारावें कीं या जागा कोण ठरवितो, संस्था कीं विद्यार्थी? त्या विद्यापीठाच्या गांवांतच असतात कीं दुसऱ्या राज्यांत? तेथें राहण्याचा, जाण्यायेण्याचा आणि मोटारीचा खर्च कोणाचा? हा खर्च बहुधा विद्यार्थ्यावर पडतो आणि शुल्काच्या तक्त्यांत तो ठळक दिसत नाहीं. त्याच वेळीं शिक्षकांविषयींही विचारावें. हात धरून शिकविण्याच्या तासाला एका शिक्षकामागें किती विद्यार्थी असतात? गेल्या दोन-तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? शाळेचें आरोग्य तिच्या शिक्षकांच्या टिकण्यावरून कळतें, हें मी चाळीस वर्षांच्या अनुभवानें सांगतों.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो घरांत सर्वांसमक्ष मांडला जावा. मान्य अभ्यासक्रमांस खर्चाचें एक पत्रक विद्यार्थ्यांसाठीं प्रसिद्ध करावें लागतें, तें मागवावें. तेथील सरकारी विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशास एक शुल्क आणि बाहेरच्यास दुसरें, बरेंच अधिक, असें पुष्कळदां असतें. आपण कोणत्या रकान्यांत येतों तें पाहावें. अमेरिकन सरकारचें विद्यार्थी-कर्ज आपल्या मुलांस सामान्यतः मिळत नाहीं, म्हणून भार येथील बँकेच्या कर्जावर, आणि बहुधा राहत्या घरावर, येतो.

हिशेब कसा करावा तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. साठ लाख रुपये कर्ज, व्याज दरसाल शेंकडा १०, आणि परतफेडीची मुदत दहा वर्षें असे धरा. महिन्याचा हप्ता सुमारें ७९ हजार रुपये येतो. शिकत असतांनाचें व्याज निराळें. तेथें परवाना मिळून नोकरी लागली तर हा हप्ता झेपेल. पण कांहीं कारणानें, म्हणजे परीक्षा, प्रवासपरवाना किंवा घरचें आजारपण यांमुळें, मुलीला परत यावें लागलें, तर रुपयांतल्या पगारांतून तो कोण भरणार? हा दुसरा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय सही करूं नये. वडिलांचें निवृत्तिवेतन त्या हप्त्यास पुरणार नाहीं, हें आधीं कळलेलें बरें. आणि मुलीलाही तें कळूं द्यावें. ‘तूं फक्त अभ्यास कर, पैशाचें आम्ही पाहूं,’ असें आपण मायेनें म्हणतों. पण ज्या कर्जावर तिची सही आहे, त्याचा आंकडा तिच्यापासून लपविणें ही माया नव्हे.

तुलनेसाठीं घरचीही एक संस्था शेजारीं मांडून पाहावी. नाशिकचें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन झालें. त्याच्या कक्षेंत फिजिओथेरपीचें पदव्युत्तर शिक्षण मिळतें. या व्यवसायासाठीं महाराष्ट्रानें २००२ सालीं स्वतंत्र कायदा केला आणि २०२१ सालीं केंद्रानें संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, म्हणजे येथेंही या विद्येस आतां अधिकृत बैठक लाभली आहे. जिला भारतांतच रोग्यांची सेवा करावयाची आहे, तिनें वरचे प्रश्न येथील कॉलेजासही विचारावे : रुग्णालय स्वतःचें आहे काय, रोज रोगी किती येतात, मार्गदर्शक कोण आणि एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती? परदेशी संस्थेस एक माप आणि गांवच्या संस्थेस दुसरें, असें करूं नये.

अखेरची सूचना. संस्थेच्या कार्यालयाशीं बोलणें झालें, कीं तेथें सध्यां शिकत असलेल्या दोघां-तिघांशीं मुलीनें स्वतः बोलावें, आणि त्यांतला निदान एक भारतांतून गेलेला असावा. जमल्यास शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या एखाद्याशींही बोलावें. जें कोणी सांगत नाहीं तें तोच सांगेल. हीं पत्रें वडिलांनीं किंवा मामांनीं लिहूं नयेत. जी मुलगी चार प्रश्न नीट विचारूं शकते, ती परक्या देशांत आपल्या पायांवर उभी राहील. जिला अजून तें जमत नाहीं, तिला या चौकशींतच तो सराव होईल. उत्तरें आलीं कीं दोन किंवा तीन संस्थांचे कागद एका टेबलावर शेजारीं शेजारीं मांडावे, आणि एका वहींत प्रत्येक संस्थेसाठीं एक पान राखून चार रकाने आंखावे : दार, निकाल, हाताचें शिक्षण आणि खर्च. जो रकाना रिकामा राहील, त्याबद्दल पुन्हां लिहावें. दोनदां लिहूनही तो रिकामाच राहिला, तर त्या संस्थेचें पान मिटावें.

प्रवेशाची मुदत संपत आली आहे, घाई करा, असें सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांतल्या कित्येकांस आपण भरलेल्या शुल्कांतून वाटा मिळत असतो. एक वर्ष उशीर झाला तरी शिक्षण मिळतें; चुकीच्या दारांतून आंत गेलेल्यास मात्र बाहेर पडावयास फार पैसा आणि फार मनस्ताप द्यावा लागतो. ज्या मुलींनीं ही विद्या पत्करली आहे, त्या उद्यां कोणाच्या तरी आजोबांस पुन्हां पाऊल टाकावयास शिकविणार आहेत. त्यांचें स्वतःचें पहिलें पाऊल घट्ट जमिनीवर पडावें, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.